वाचकांचे प्रश्न : लाकडाच्या भट्टीचं पाणी कधी उकळतं, कधी कोमट का?

थंडीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत एकाच यंत्राच्या तक्रारी जास्त आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. इमारतीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली, लाकडावर चालणारी गरम पाण्याची भट्टी. आत जळण, भोवती पाण्याचं कवच, वर उघडा व्हेंट पाइप, हवेसाठी ब्लोअर आणि पाणी इमारतीपर्यंत नेऊन परत आणणारा पंप. तत्त्व घरच्या तांब्याच्या बंबाचंच, आकार मोठा. सोलापूर आणि आसपास ती डाइंग हाऊसमध्ये, भक्तनिवासांत, लॉजवर आणि वसतिगृहांत दिसते.

जवळपास प्रत्येक पत्रात ‘तापमान स्थिर राहत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून दोष ओळखता येत नाही. पाणी एका मिनिटात बदलतं की दोन तासांत, लाकूड टाकल्यावर बदलतं की नळ उघडल्यावर, भट्टीवर बदलतं की फक्त नळाला, यावर सगळं निदान उभं आहे. म्हणून कोणताही भाग बदलण्याआधी एक पूर्ण दिवस नोंद करा. भट्टीतून निघणारा पाइप, परतीचा पाइप, इमारतीतली साठवण टाकी आणि सर्वांत लांबचा नळ, या चार जागी दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहा. पाइपावर साध्या डिजिटल थर्मामीटरचं टोक चिकटपट्टीने घट्ट बांधून वरून फोम गुंडाळला तरी पुरेसा अचूक आकडा मिळतो. शेजारच्या रकान्यात लाकूड कधी व किती टाकलं, ब्लोअर कधी सुरू-बंद झाला आणि मोठा वापर कधी झाला ते लिहा. खालची बहुतेक उत्तरं अशा कागदावरूनच निघाली आहेत.

प्रश्न : आमचं टॉवेलच्या सुताचं डाइंग हाऊस आहे. भट्टीत २००० लिटर पाणी बसतं, सेटिंग ८० अंश. पण मीटर दिवसभरात ६२ ते ८८ च्या मध्ये फिरतो आणि लॉटगणिक रंगाच्या छटेत (शेडमध्ये) फरक पडतो. फिटरच्या सांगण्यावरून कंट्रोलर बदलला, तरी तेच. एका वेळी साधारण ६०० लिटर पाणी काढतो. काय करावं?
– अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. पाणी ६२ वर उतरण्याचं कारण एक, ८८ वर चढण्याचं दुसरं. कंट्रोलरचा संबंध यातल्या दुसऱ्याशीच, तोही थोडाच.

आधी घसरण पाहू. २००० लिटर पाणी ८० अंशांवर आहे. त्यातलं ६०० लिटर काढलं आणि बॉल व्हॉल्व्हने तेवढंच २८ अंशांचं पाणी आत सोडलं. आता १४०० लिटर ८० चं आणि ६०० लिटर २८ चं मिसळलं की हिशेबाने ६४.४ अंश येतात. म्हणजे सगळी यंत्रणा नवी असली तरी तुमचं पाणी ६४ वर येणारच. हा बिघाड नाही, टाकी लहान आहे. हेच ६०० लिटर ५००० लिटरच्या साठ्यातून काढले असते तर पाणी ७३.८ पर्यंतच उतरलं असतं.

आता ते परत वर यायला काय लागतं? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. ६०० लिटर २८ वरून ८० वर नेण्यासाठी ३१,२०० किलोकॅलरी. चांगलं वाळलेलं, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास ओल असलेलं लाकूड किलोला साधारण ३४०० किलोकॅलरी देतं. अशा भट्टीत त्यातली ५५ टक्के पाण्यात उतरली तरी नशीब समजा, म्हणजे किलोमागे सुमारे १९००. एका भरण्यामागे १६ ते १७ किलो कोरडं लाकूड झालं. लाकूड निम्मं ओलं असेल तर तेवढ्याच कामाला दुपटीने लागतं आणि वेळही तितकाच वाढतो. त्या वेळात दुसऱ्या मशीनने पाणी ओढलं की घसरण घसरणीवर चढते. तुमचा ६२ चा आकडा तिथूनच आला आहे.

उपाय असा. भट्टीला मोठी करू नका, शेजारी ३००० ते ५००० लिटरची, किमान ७५ मिलिमीटर ग्लासवूल किंवा पफ (उष्णतारोधक कडक फोम) लावलेली साठवण टाकी जोडा. भट्टीचं पाणी तिच्या वरच्या भागात सोडा, परतीचं तळातून घ्या. मशीनला पाणी टाकीच्या वरून द्या आणि भरतीचं थंड पाणी तळाशी, भोकं पाडलेल्या आडव्या पाइपातून संथ सोडा. मग थंड पाणी खाली बसून राहतं, मिसळत नाही, आणि वरचं गरम पाणी शेवटपर्यंत गरम निघतं. थंड पाणी दीड इंची पाइपातून वरून धबधब्यासारखं पडत असेल तर ५००० लिटरची टाकीसुद्धा दहा मिनिटांत ढवळून निघते. थंड भरती थेट भट्टीत तर कधीच देऊ नका. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी आलं की धुराच्या बाजूला डांबर साचतं आणि वेल्डिंगच्या जोडांवर ताण येतो. भट्टीत परतणारं पाणी ५५ ते ६० अंशांखाली नसावं. त्यासाठी परतीच्या वाटेवर ५५ अंशांचा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (ठरलेल्या तापमानासाठी गरम-गार पाणी आपोआप मिसळणारा) बसतो.

आता चढण. ८० ला ब्लोअर बंद होतो, पण निखारे बंद होत नाहीत. त्यानंतर दोन-तीन अंश चढणं रास्त आहे. आठ अंश चढतं याचा अर्थ बंद ब्लोअरच्या काळातही आत हवा जाते आहे. तपासणी सोपी आहे. ब्लोअर बंद असताना पेटलेली उदबत्ती मुख्य दाराच्या, राखेच्या दाराच्या आणि ब्लोअरच्या झडपेच्या कडेने हळू फिरवा. जिथे धूर आत ओढला जातो तिथे गळती आहे. दार बंद करताना कडेत कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहा. सहज सुटली तर त्या जागी दाराच्या खाचेतली हवाबंद करणारी दोरी दबलेली आहे. ग्लास फायबरची दोरी बदलताना जुन्या खाचेतला कडक थर पूर्ण खरवडल्याशिवाय नवी बसत नाही. दोरी बदलूनही पट्टी सुटत असेल तर बिजागरी खाली बसली आहे, ती वर घ्यायला हवी. ब्लोअरच्या तोंडाची झडप मात्र सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार निघते. तिच्या बैठकीवर डांबराचा थर जमतो आणि ती दोन-तीन मिलिमीटर उघडीच राहते. आठवड्यातून एकदा ती बोटाने हलवून, खरवडून साफ करायची.

तुमच्या नव्या कंट्रोलरमध्ये बंद ८० आणि सुरू ७९ असं ठेवलेलं असेल तर तेही बदला. लाकडाची आग विजेच्या कॉइलसारखी क्षणात सुरू-बंद होत नाही. एक अंशाच्या फरकावर ब्लोअर दर दोन मिनिटांनी चालतो, आग नीट पेटतही नाही आणि विझतही नाही, नुसता धूर होतो. पाच-सहा अंशांचा फरक ठेवा, म्हणजे बंद ८० आणि सुरू ७४ किंवा ७५.

रंगाच्या शेडबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भट्टीचं तापमान सुधारून शेडचा प्रश्न अर्धाच सुटेल. रिॲक्टिव्ह रंगांत एमई वर्गाला ६० अंश आणि एचई वर्गाला ८० अंश लागतात, आणि ते बाथमध्ये, म्हणजे मशीनमधल्या रंगाच्या पाण्यात लागतात, भट्टीत नाही. बाथचं तापमान मशीनवरच, बाथ तापवणाऱ्या कॉइलच्या व्हॉल्व्हने आणि तिथल्या थर्मामीटरवर धरायचं. भट्टी त्याहून १५ अंश वर असली की कॉइलला ताकद राहते. ६० च्या कामाला ही भट्टी उत्तम. ८० च्या कामाला तिला ९५ वर ठेवावं लागेल आणि सोलापूरच्या उंचीवर पाणी साधारण ९८.५ अंशांनाच उकळतं. तेवढ्या काठावर उघड्या व्हेंटची भट्टी चालवू नये. एचईचं काम नियमित असेल तर त्यासाठी वाफ किंवा थर्मिक फ्लुइडच (तापवून फिरवलेलं तेल) हवं.

प्रश्न : आमच्या भक्तनिवासात ४० खोल्या आहेत. भट्टीचा मीटर ७५ ते ७८ वर स्थिर असतो. तरी पहाटे वरच्या मजल्यावर पाणी कोमट येतं आणि मधेच अचानक कढत येतं. भाविक तक्रार करतात.
– पंढरपूर

उत्तर : भट्टीला हात लावू नका, ती बरोबर चालली आहे. दोष तिच्या आणि नळाच्या मध्ये आहे.

कोमट पाण्याचं पहिलं कारण पाइपात उभं राहिलेलं पाणी. एक इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. टाकीपासून खोली २५ मीटर लांब असेल तर बारा लिटर गार पाणी आधी बाहेर पडतं, म्हणजे अर्धी बादली त्यातच भरते. यावर उपाय परतीची लाइन. गरम पाण्याचा पाइप शेवटच्या खोलीपाशी न संपवता तिथून अर्धा इंची पाइप परत टाकीकडे आणायचा, त्यावर छोटा सर्क्युलेशन पंप आणि एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह). हा पंप दिवसभर नको, टायमरवर काकड्याच्या अर्धा तास आधी सुरू करून नऊला बंद केला तरी चालतो.

दुसरं कारण जास्त छुपं आहे, आणि तुमचं ‘मधेच कढत’ हे लक्षण तिकडेच बोट दाखवतं. बऱ्याच इमारतींत थंड पाणी प्रेशर पंपावरून येतं आणि गरम पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीच्या जोरावर. एखाद्या खोलीत मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून फक्त शॉवरचा हात बंद केला असेल, तर थंड पाणी त्या मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं आणि पूर्ण मजल्याचं पाणी कोमट करतं. खालच्या मजल्यावर चार थंड नळ एकदम उघडले की थंडाचा दाब पडतो आणि तीच लाइन कढत होते. खात्री करायची असेल तर टाकीजवळचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि वरच्या मजल्यावर गरम नळ उघडा. काही सेकंदांनी पाणी थांबायला हवं. वाहतच राहिलं तर थंड पाणी आत शिरतं आहे. मग एकेका खोलीचा मिक्सर बंद करत जा, ज्या खोलीशी धार थांबेल तिथे दोष. कायमचा इलाज म्हणजे थंड आणि गरम दोन्ही एकाच उंचीच्या टाक्यांतून देणं आणि प्रत्येक खोलीच्या गरम फाट्यावर एनआरव्ही बसवणं.

साठा पुरतो का, हेही एकदा पाहा. ७० अंशांचं पाणी २२ अंशांच्या पाण्यात मिसळून ४२ ची २० लिटरची बादली करायला ८ लिटरच्या थोडं वर गरम पाणी लागतं. ४० खोल्यांत प्रत्येकी तिघे धरले तर माणशी एका बादलीला १००० लिटर. कार्तिकीत खोलीत सहा जण असतात आणि तुमचा साठा १००० चाच असेल, तर सहा वाजता पाणी संपणारच.

आणि कृपया हे टाळू नका. ६० अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मूल आणि म्हातारं माणूस त्याहून लवकर. टाकी ६० च्या खाली उतरवू नका, कारण कोमट साठ्यात जंतू वाढतात. पण खोल्यांकडे जाणाऱ्या लाइनीवर ४२ ते ४५ अंशांना लावलेला थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. परतीची लाइन मग या व्हॉल्व्हच्या पुढच्या पाण्याची होते, ती कशी जोडायची हे व्हॉल्व्हसोबतच्या आकृतीत दिलेलं असतं, प्लंबरला ती दाखवा.

प्रश्न : १००० लिटरच्या भट्टीचा डिजिटल मीटर एका मिनिटात ७० वरून ८५, परत ६८ असा उड्या मारतो. पाण्याला हात लावला तर काही फरक जाणवत नाही.
– मोहोळ

उत्तर : हाताचं खरं माना. १००० लिटर पाणी १५ अंशांनी चढायला १५,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका मिनिटात आठ किलो लाकूड जळून जायला हवं. पाणी असं उडी मारूच शकत नाही, वायर मारते. सेन्सरची वायर ब्लोअरच्या मोटरच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेली असेल तर ती वेगळी करा. कनेक्टरमध्ये राख आणि ओल जाऊन संपर्क ढिला झालेला असतो, तो कापून नवा करा. भट्टीच्या अंगाला नीट अर्थिंग आहे का पाहा.

यानंतरही आकडा चुकत असेल तर सेन्सर काढून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरा. ९८ ते ९९ दाखवायला हवं. कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य. दोन्हीकडे बरोबर आला तर सेन्सर चांगला आहे आणि तो बसवलेल्या नळीत हवा आहे. नळीत थर्मल पेस्ट भरून सेन्सर तळापर्यंत सरकवा. भट्टीतल्या पाण्याची पातळी कमी होऊन ती नळी उघडी पडली तरी असेच खोटे आकडे येतात, म्हणून पातळी सर्वांत आधी पाहा.

प्रश्न : लॉजसाठी नवी भट्टी घेतली, ३०,००० किलोकॅलरीची. भट्टीतून ८६ अंशांनी पाणी निघतं आणि ५८ ने परत येतं. भट्टी खळखळते, पण टाकी तापायला चार तास लागतात. विकणारा म्हणतो, लाकूड कमी पडतंय.
– अक्कलकोट

उत्तर : लाकूड जास्त घातलं तर भट्टी उकळेल, टाकी तशीच राहील. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात १० ते १२ अंशांचा फरक असावा. तुमचा २८ आहे. तासाला ३०,००० किलोकॅलरी १० अंशांच्या फरकाने न्यायला तासाला ३००० लिटर पाणी फिरायला हवं. २८ अंशांच्या फरकाचा अर्थ तुमच्याकडे जेमतेम १०७० लिटर फिरतं आहे. उष्णता तयार होते, तिला न्यायला पाणी पुरत नाही.

कारणं या क्रमाने शोधा, कारण पहिली तीन फुकटात सुटतात. पंपाआधीची वाय गाळणी उघडा. नव्या जोडणीत वेल्डिंगचे कण, टेफ्लॉन टेप आणि गंज तिथेच अडकतात. नंतर सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना ते पाहा, पंपावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना तेही. मग हवा. लाइन जिथे वर चढून पुन्हा खाली येते त्या प्रत्येक उंचवट्यावर हवा कोंडते. तिथे एअर व्हेंट नसेल तर बसवा. पाइपातून खडे गडगडल्यासारखा आवाज हे कोंडलेल्या हवेचं लक्षण आहे.

पंप गरम होऊन सावकाश फिरत असेल तर कपॅसिटर कमजोर झालेला असतो, त्यावर लिहिलेल्याच क्षमतेचा नवा घाला. पंप भट्टीच्या वरच्या अंगाला बसवलेला असेल तर तो खाली आणा. ८५ अंशांच्या पुढे पाण्याची पंपाच्या तोंडाशीच वाफ होऊ लागते. पंपाच्या वर किमान एक ते दीड मीटर पाण्याची उंची हवी. शेवटी पाइपाची जाडी. ३००० लिटरला एक इंची पाइप अरुंद पडतो, दीड इंची टाका. आणि भट्टीपासून पहिले दोन-तीन मीटर जीआयचेच ठेवा, तिथे सीपीव्हीसी मऊ पडून वाकतो. साधा पीव्हीसी तर गरम लाइनीत कुठेच नको.

प्रश्न : वर्षभरात लाकूड जवळपास दुप्पट लागू लागलं. ब्लोअर चालू असताना भट्टीच्या आतून गडगड आवाज येतो. पाणी बोअरचं.
– मंगळवेढा

उत्तर : आतल्या पत्र्यावर क्षारांची खपली जमली आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं आणि ६० अंशांच्या पुढे त्यातले क्षार वेगाने खाली बसतात. खपलीच्या मागे पत्रा जास्त तापतो, तिच्या फटींत वाफेचे बुडबुडे फुटतात, तो आवाज तुम्हाला येतो. उष्णता पाण्यात न उतरता धुराड्यातून जाते. धुराड्याचा पाइप पहिल्यापेक्षा जास्त तापत असेल तर शंका उरत नाही.

भट्टी पूर्ण थंड करा. १०० लिटर पाण्याला ५ किलो सायट्रिक ॲसिड या प्रमाणात द्रावण करा, ५० अंशांपर्यंत कोमट करा आणि तीन-चार तास पंपाने फिरवा. व्हेंट उघडाच ठेवा, फेस आणि वायू बाहेर यायला वाट हवी. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. फेस थांबला की द्रावण संपलं किंवा खपली संपली. पीएचची पट्टी बुडवा. पीएच ४ च्या वर गेलेला असेल तर ॲसिड संपलं आहे, आणखी घाला. नंतर ते पाणी काढून टाका, एक टक्का धुण्याच्या सोड्याचं पाणी अर्धा तास फिरवा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते खपलीसोबत पत्राही खातं. जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीत सायट्रिकही फिरवायचं नाही, ती टाकी आधी लाइनीतून तोडा.

पण साफ करून पुन्हा बोअरचंच पाणी रोज भरत राहिलात तर पुढच्या वर्षी हेच पत्र लिहाल. भट्टीतलं पाणी आणि अंघोळीचं पाणी वेगळं करा. भट्टीत एकदाच मऊ पाणी भरायचं, तेच फिरत राहतं, आणि अंघोळीचं पाणी टाकीतल्या तांब्याच्या किंवा स्टेनलेस कॉइलवर तापतं. मग भट्टीत गंजरोधक रसायनही घालता येतं. भट्टीतलंच पाणी नळाला जात असेल तर ते रसायन अजिबात घालू नका.

प्रश्न : भट्टी ते घर ४० मीटर अंतर, पाइप जमिनीखालून. पावसाळ्यात पाणी तापतच नाही, उन्हाळ्यात ठीक असतं. रात्री पंप बंद केला तरी सकाळपर्यंत टाकी गार होते.
– दक्षिण सोलापूर

उत्तर : पाइप काळ्या मातीत थेट पुरला आहे, असं दिसतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या ताणाने पाइपावरचं आवरण जोडांपाशी फाटतं. मग आवरणात पाणी शिरतं आणि ओलं आवरण उष्णता अडवत नाही. पंप चालू असताना भट्टीपाशी आणि घराच्या तोंडाशी तापमान घ्या. चांगल्या आवरणात ४० मीटरला एक अंशाच्या आसपास उतरावं. तासाला १५०० लिटर पाणी फिरत असून ४ अंश उतरत असेल तर तासाला ६००० किलोकॅलरी मातीत जातात, म्हणजे २४ तासांना ७५ किलो लाकूड.

चर पुन्हा खणा, तळाशी आणि बाजूंना १५ सेंटिमीटर मुरूम भरा, कारखान्यातच पफ भरून बाहेरून एचडीपीई कवच घातलेला पाइप टाका, आणि चराला एका बाजूला उतार देऊन पाणी निघायला वाट करा. रात्रीच्या गारव्याचं कारण वेगळं आहे. पंप बंद असला तरी गरम पाणी आपोआप वर चढतं आणि गार खाली उतरतं, त्यामुळे टाकी विझलेल्या भट्टीला तापवत राहते. परतीच्या पाइपावर स्प्रिंगचा एनआरव्ही घातला की ते थांबेल.

प्रश्न : तुरकाट्या आणि वेडी बाभूळ यांत चांगलं काय? तुरकाट्या फुकट मिळतात, पण पाणी एकदम तापून लगेच उतरतं.
– बार्शी

उत्तर : तुरकाट्या पेटवायला आणि अर्ध्या तासाच्या कामाला. त्या भर्रकन जळतात, निखारा धरत नाहीत, म्हणून तापमान डोंगरासारखं चढतं-उतरतं. वेडी बाभूळ जड लाकूड आहे, निखारा टिकतो. ती पावसाळ्याआधी तोडून, मनगटाएवढी फाडून, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी पत्र्याखाली रचा आणि सहा महिन्यांनी वापरा. अख्खी ओंडकी वर्षभर पडून राहिली तरी आतून ओलीच असतात. वाळलं का हे पाहायला एक तुकडा वजन करून उन्हात ठेवा, आठवड्याने पुन्हा वजन करा. वजन उतरलंच नाही तर वापरायला तयार.

एकदम भट्टी भरू नका, दोन-तीन तास पुरेल एवढंच घाला. तळाशी दोन इंच राख राहू द्या, ती निखारे झाकून ठेवते, पण हवेची भोकं मात्र रोज मोकळी करा. कापडाची रंगीत चिंधी, रंगवलेला प्लाय, प्लास्टिकच्या गोण्या जाळू नका. धूर विषारी होतो आणि पत्रा आतून सडतो.

प्रश्न : वीज गेली की वसतिगृहाच्या भट्टीतलं पाणी उकळून व्हेंटमधून बाहेर उडतं. प्लंबर व्हेंटला प्लग मारायला सांगतो. मारू का?
– होटगी रोड, सोलापूर

उत्तर : मारू नका. ज्याने हे सुचवलं त्याला भट्टीजवळ येऊ देऊ नका. पाणी ३० वरून ९० अंशांवर गेलं की तीन टक्क्यांनी फुगतं, २००० लिटरला ६० लिटरच्या वर. त्यात वाफ धरली तर बंद भट्टीचं कवच फाटतं आणि समोर उभा असलेला माणूस वाचत नाही. व्हेंट किमान दीड इंची, कुठेही व्हॉल्व्ह नसलेला, सरळ वर जाणारा हवा. उडणारं पाणी अंगावर येऊ नये म्हणून त्याचं तोंड वाकवून छोट्या विस्तार टाकीवर सोडा.

उकळण्याचं कारण, वीज गेली की पंप थांबतो आणि निखारे चालू राहतात. पंप इन्व्हर्टरवर घ्या, साध्या सर्क्युलेशन पंपाला फार वीज लागत नाही. ब्लोअर इन्व्हर्टरवर घेऊ नका. वीज गेली की ब्लोअरची झडप आणि राखेचं दार बंद आहे याची खात्री करा, मुख्य दार मात्र उघडू नका. कोंडलेल्या धुरात अचानक हवा शिरली की ज्वाला दारातून बाहेर येते. एरवीही दार उघडताना आधी बोटभर फट ठेवून अर्धा मिनिट थांबा, तोंड बाजूला ठेवा.

पाणी उडून पातळी खाली गेली असेल तर पातळी दाखवणारी काचनळी पाहा. पाणी अजून जळणाच्या खोलीच्या छतावर असेल तर संथ भरती चालेल. छत उघडं पडलं असेल, तर भट्टी लाल तापलेली असताना एक लिटरही पाणी घालू नका, त्या क्षणी त्याची वाफ होते. आग आपोआप विझू द्या, पत्र्यावर हात ठेवता येईल इतकी भट्टी गार होऊ द्या. त्याला बरेच तास लागतील, तोवर मुलांना शेडपासून लांब ठेवा. मग अर्धा इंची पाइपाने हळूहळू पाणी भरा आणि भरताना प्रत्येक वेल्डिंगच्या जोडावर आतून-बाहेरून टॉर्च मारून पाहा. कुठे ओल दिसली तर वेल्डरकडून दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा पेटवू नका.